घरातली हिंसा कामाच्या ठिकाणी येते तेव्हा

नवऱ्याच्या छळाला कंटाळून घराबाहेर पडलेली बाई बरेच काही बदलू शकते. फोनचा नंबर बदलता येतो, मुलांची शाळा बदलता येते, माहेर नकोसे झाले तर भाड्याची खोली शोधता येते. नोकरी मात्र सहसा बदलता येत नाही, कारण पुढचा सगळा खर्च त्याच पगारावर चालायचा असतो. म्हणून तिला शोधत फिरणाऱ्या माणसाला एक पत्ता आणि एक वेळ खात्रीने ठाऊक असते. ती कोणत्या कारखान्यात, बँकेत किंवा दवाखान्यात काम करते आणि तिची ड्यूटी किती वाजता सुटते, हे त्याला कोणाला विचारावे लागत नाही. कौटुंबिक हिंसा कामाच्या ठिकाणापर्यंत पोहोचते ती मुख्यतः यामुळे. स्त्री नाते तोडू पाहते, तेव्हा आणि त्यानंतरचे काही महिने जिवाला सर्वाधिक धोका असतो, असे या विषयाचे अभ्यासक वारंवार सांगत आले आहेत. नेमक्या याच काळात नोकरीचे ठिकाण हा तिचा एकमेव न बदललेला पत्ता उरतो.

ही हिंसा दरवेळी चाकू घेऊन येत नाही. बहुतेक वेळा ती क्षुल्लक वाटणाऱ्या रूपात येते. ऑफिसच्या फोनवर दिवसातून वीस वेळा फोन करायचा. पर्यवेक्षकाला गाठून ‘ती खरंच कामावर आहे का, कोणाबरोबर बसते’ असे विचारायचे. पगाराच्या दिवशी फाटकासमोर उभे राहायचे. साहेबांच्या कानावर तिच्या चारित्र्याबद्दल काहीबाही घालायचे किंवा सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे फोटो टाकायचे. काही प्रकार तर घरातच घडतात, पण त्यांचा रोख नोकरीवर असतो. सकाळी ओळखपत्र किंवा गाडीची चावी लपवली जाते, आदल्या रात्री झोपू दिले जात नाही, लोकांसमोर जाता येऊ नये म्हणून मुद्दाम तोंडावर मारले जाते. भारतीय कायद्याने हे ओळखले आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांना जोडलेल्या नमुन्यांत आर्थिक छळाचे प्रकार नोंदवलेले आहेत. नोकरी करू न देणे, चालू नोकरीत अडथळे आणणे आणि पगार काढून घेणे हे तिन्ही त्यांत आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित, विधवा, घटस्फोटित वा विभक्त स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होते. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या देशभरात १४ टक्केच निघाल्या. चारदोनशे बायका कामाला असलेल्या कारखान्यात ‘आमच्याकडे असे काही नाही’ असे व्यवस्थापक सांगतो, त्याचा उलगडा या शेवटच्या आकड्यात आहे.

ही हिंसा कामाच्या ठिकाणी कितपत पोहोचते, हे कॅनडात मोजले गेले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या देशव्यापी पाहणीत ८,४२९ कामगारांनी उत्तरे दिली. सुमारे एक तृतीयांश जणांना जोडीदाराच्या हिंसेचा अनुभव होता. त्या एक तृतीयांशापैकी ५३.५ टक्के जणांच्या बाबतीत छळाचा किमान एक प्रकार कामाच्या जागी किंवा तिच्या आसपास घडला होता, आणि ८.५ टक्के जणांची नोकरी त्यापायी गेली होती. अमेरिकेतील मेन राज्याच्या कामगार खात्याने २००४ साली उलट्या टोकाने पाहणी केली. तिथे प्रश्न विचारले गेले ते हिंसा करणाऱ्यांना. त्यांतल्या ७८ टक्के जणांनी पत्नीवर किंवा मैत्रिणीवर पाळत ठेवायला, तिला धमकवायला किंवा तिची विनवणी करायला स्वतःच्या कामावरचा फोन, गाडी, वेळ अशी साधने वापरली होती. ७४ टक्के जणांना तिच्या कामाच्या ठिकाणी सहज पोहोचता येत होते. १९ टक्के जणांच्या हातून या ताणापायी कामावर अपघात झाला होता किंवा होता होता टळला होता. छळ करणारा माणूसही कोणाच्या तरी हजेरीपटावर असतो, हे या आकड्यांमुळे ठळकपणे पुढे आले.

विंडसरचे रुग्णालय

मालकाची कायदेशीर जबाबदारी कुठे सुरू होते, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताने दिले. त्यामागे एक खून आहे. १२ नोव्हेंबर २००५ रोजी विंडसर शहरातील ओतेल-दिय ग्रेस रुग्णालयात एका परिचारिकेला तिथल्याच भूलतज्ज्ञाने भोसकून मारले. दोघांचे संबंध पूर्वी होते आणि तिने ते तोडले होते. त्याने आधी आत्महत्येचा प्रयत्न केला होता, त्यानंतर तो रजेवर होता आणि मग कामावर परतला होता. त्याच्या वागण्याच्या तक्रारी रुग्णालयात अनेकांना माहीत होत्या. न्यायालयीन संरक्षणासाठी तिने केलेल्या अर्जाची सुनावणी व्हायची होती. त्या शनिवारी दोघांची ड्यूटी एकाच वेळी, एकाच विभागात लागलेली होती. हल्ल्यानंतर त्याने स्वतःचाही जीव घेतला.

या मृत्यूची २००७ साली जाहीर चौकशी झाली. त्या चौकशीत कोणा एकाचा गुन्हेगारी निष्काळजीपणा पुढे आला नाही. दिसले ते विखुरलेले ज्ञान. एकाला धमकी माहीत होती, दुसऱ्याला आत्महत्येचा प्रयत्न, तिसऱ्याला ड्यूटीचे वेळापत्रक. तिन्ही गोष्टी एकत्र ठेवण्याचे काम कोणाकडेच नव्हते. त्यानंतर ऑन्टारियोच्या व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १५ जून २०१० पासून लागू झाली. कौटुंबिक हिंसेमुळे कामाच्या ठिकाणी कामगाराला शारीरिक इजा होण्याचा संभव मालकाला कळला असेल, किंवा कळायला हवा होता अशी परिस्थिती असेल, तर परिस्थितीनुसार योग्य ती सर्व खबरदारी घेणे या दुरुस्तीने त्याच्यावर बंधनकारक केले. ‘कळायला हवा होता’ या शब्दांत या तरतुदीचा सगळा जोर आहे. बाईने लेखी अर्ज दिला नव्हता, ही सबब त्यामुळे चालत नाही. हिंसक पूर्वेतिहास असलेल्या माणसाशी कामात गाठ पडणार असेल, तर संबंधित कामगारांना तशी माहिती देणेही याच कायद्याने सक्तीचे केले. सोबत एक मर्यादाही घातली. संरक्षणाला लागेल त्याहून जास्त वैयक्तिक माहिती उघड करायची नाही.

पुढे हा विचार आंतरराष्ट्रीय पातळीवर गेला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०१९ मध्ये जिनिव्हात, आपल्या शताब्दी वर्षात, कामाच्या जगातील हिंसा आणि छळ यांबद्दलचा करार क्रमांक १९० संमत केला. तो २०२१ मध्ये अमलात आला. कौटुंबिक हिंसेचे कामावर होणारे परिणाम ओळखावेत आणि शक्य तेवढे कमी करावेत, असे त्याचे दहावे कलम सदस्य देशांना सांगते. सोबतच्या शिफारसपत्रात रजा, कामाच्या लवचिक वेळा, काही काळ नोकरीवरून न काढण्याची हमी आणि जोखमीच्या पाहणीत कौटुंबिक हिंसेचा समावेश अशी ठोस यादी आहे.

भारतातला आदेश आणि फाटकावरचा रखवालदार

भारतात घरातील हिंसेसाठी आणि कामाच्या जागेवरील छळासाठी दोन वेगळे कायदे आहेत. आपला विषय त्या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मालकाला सुरक्षित वातावरण देण्याची सक्ती करतो, आणि त्यात कामानिमित्त संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनची सुरक्षितताही धरलेली आहे. परंतु त्याचा विषय लैंगिक छळ हा आहे. फाटकावर येऊन पगार मागणारा आणि मारण्याची धमकी देणारा नवरा त्यात सहज बसत नाही.

खरा उपाय आहे तो कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ यात. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ खाली दंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. त्या आदेशाने प्रतिवादीला स्त्रीच्या नोकरीच्या ठिकाणी किंवा ती नेहमी जाते अशा अन्य ठिकाणी जाण्यास मनाई करता येते. फोन, पत्र, संदेश असा कोणताही संपर्क साधण्यास मनाई करता येते. तिला मदत करणाऱ्या माणसांना त्रास देण्यासही मनाई करता येते, आणि या शेवटच्या भागात सहकारी व वरिष्ठ दोघेही येतात. परिस्थिती गंभीर असेल तर कलम २३ खाली दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकण्याआधीच अंतरिम आदेश मिळू शकतो. आदेश मोडणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. याखेरीज, स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

कागदावर ही तरतूद भक्कम आहे. ती ढिली पडते ती आदेशाची प्रत कोणाकोणाला मिळते या ठिकाणी. कलम २४ नुसार प्रत मोफत दिली जाते ती दोन्ही पक्षांना, ज्या हद्दीतील दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज झाला त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याला आणि तिथल्या नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना. या यादीत मालक नाही. कल्याणला राहणारी आणि अंधेरीला नोकरी करणारी बाई कल्याणच्या न्यायालयात गेली, तर अंधेरीच्या पोलीस ठाण्याला आपण होऊन काही कळत नाही. ज्या फाटकावर त्या आदेशाची गरज पडणार, तिथल्या रखवालदाराला तर मुळीच नाही. यावर कायद्यातच एक तोड आहे, पण तिचा वापर कमी होतो. स्त्री जिथे नोकरी करते त्या हद्दीतील न्यायालयातही कलम २७ प्रमाणे अर्ज करता येतो, आणि आदेश मात्र देशभर लागू राहतो. धोका मुख्यतः कामाच्या ठिकाणी असेल तर तिथल्याच न्यायालयात जाणे फायद्याचे ठरते. अर्जात आस्थापनेचा पूर्ण पत्ता, शाखा आणि शक्य असेल तर येण्याजाण्याचे स्थानक किंवा बसथांबा लिहिलेला असावा. मोघम ‘नोकरीच्या ठिकाणी’ एवढेच लिहिले की अंमलबजावणीच्या वेळी वाद निघतो.

मालकाला या कायद्यात एकच ठळक भूमिका आहे, आणि तीही उलट बाजूने. नवरा पोटगी किंवा भरपाई देत नसेल, तर त्याच्या मालकाने त्याच्या पगारातून ती रक्कम थेट स्त्रीला द्यावी किंवा न्यायालयात भरावी, असा आदेश कलम २० खाली काढता येतो. स्त्रीच्या मालकाने काय करावे, याबद्दल कायदा गप्प आहे. तिच्या मालकाला किंवा सहकाऱ्याला एक वाट मात्र मोकळी आहे. हिंसा होत असल्याचे मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही.

आस्थापनेत काय करता येते

पहिली गोष्ट म्हणजे काय करू नये. भारतीय कार्यालयांत अशा प्रसंगी एक उपाय हमखास सुचतो, तो म्हणजे नवऱ्याला बोलावून घेऊन ‘समजूत काढणे’. वडीलधाऱ्या साहेबाच्या शब्दाला मान मिळेल, असा त्यामागचा भाबडा विश्वास असतो. प्रत्यक्षात त्या भेटीतून नवऱ्याला दोन गोष्टी कळतात. बायकोने बाहेर तोंड उघडले आहे, आणि कोणासमोर उघडले आहे. त्याची किंमत ती त्याच रात्री मोजते. तडजोड घडवणे हे मालकाचे काम नाही. ‘मग सोडून का देत नाहीस?’ हा प्रश्नही निरुपयोगी आहे, कारण सोडण्याच्या वेळेलाच धोका वाढतो. तिला काय हवे हे विचारावे, आणि जे ठरेल ते तिच्या संमतीने ठरावे.

संरक्षणाचा बराचसा भाग साध्या कारभारी गोष्टींचा असतो. तिच्या परवानगीने त्या माणसाचा फोटो आणि गाडीचा नंबर फाटकावर दिला जातो. आदेश झालेला असेल तर त्याची प्रतही तिथे ठेवली जाते, म्हणजे पोलिसांना फोन करताना रखवालदाराला काय सांगायचे ते कळते. ‘मॅडम आज दुसऱ्या पाळीला आहेत’ अशी माहिती फोनवर कोणालाच द्यायची नाही, हे स्वागतकक्षाला बजावून सांगितलेले असते. तिचे टेबल दर्शनी काउंटरवरून आत हलवता येते. सुटण्याची वेळ अर्धा तास मागेपुढे करता येते. कंपनीची बस जिथे तिला उतरवते तो थांबा बदलता येतो. पाळ्यांचे वेळापत्रक ग्रुपवर टाकले जात असेल तर ती पद्धत थांबवावी लागते, कारण कोणाच्याही फोनवरून ते तिसऱ्याकडे जाऊ शकते. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून घटना घडली की ते त्याच दिवशी वेगळे काढून ठेवावे लागते. आलेले फोन, संदेश, भेटी यांची तारीखवार नोंद न्यायालयात फार उपयोगी पडते, आणि ती ठेवणे बाईपेक्षा आस्थापनेला सोपे असते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते मनुष्यबळ खात्याच्या कागदांकडे. भरतीच्या वेळी भरलेल्या अर्जात ‘आणीबाणीत कोणाला कळवावे’ या रकान्यात बहुधा नवऱ्याचेच नाव असते. बाई कामावर चक्कर येऊन पडली की इमानेइतबारे त्यालाच फोन जातो. पगार संयुक्त खात्यात जमा होत असतो, किंवा बँकेचा संदेश त्याच्या मोबाइलवर येत असतो. नवा पत्ता नोंदवल्यावर तो एखाद्या छापील पत्रावर उमटून जुन्या घरी पोहोचतो. हे तीन-चार रकाने बदलायला तासभरही लागत नाही, पण कोणी सांगितल्याशिवाय ते बदलले जात नाहीत.

गुप्तता आणि माहितीची देवाणघेवाण यांत ओढाताण असते, ती टाळता येत नाही. ऑन्टारियोचा ‘लागेल तेवढेच’ हा दंडक इथे उपयोगी पडतो. रखवालदाराला चेहरा कळायला हवा, कहाणी कळायची गरज नाही. पर्यवेक्षकाला बदललेली वेळ कळायला हवी. संपूर्ण चित्र एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावे, आणि ती कोण हे बाईला माहीत असावे. धोका किती आहे याचा अंदाज घेताना काही खुणा विशेष गंभीर मानल्या जातात. पूर्वी गळा दाबण्याचा प्रयत्न झालेला असणे, हत्यार जवळ असणे, जीव घेण्याची किंवा स्वतःचा जीव देण्याची धमकी आणि नुकतेच वेगळे होणे या त्या खुणा. यांतील काही दिसले तर फाटकावरची खबरदारी पुरेशी नसते आणि पोलिसांना कळवण्याबद्दल तिच्याशी त्याच दिवशी बोलावे लागते. तातडीचा क्रमांक ११२ आहे आणि महिला हेल्पलाइन १८१. केंद्र सरकारची ‘सखी’ वन स्टॉप सेंटरे २०१५ पासून सुरू झाली. महाराष्ट्रात पोलिसांच्या जोडीने काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्यांतला पहिला कक्ष १९८४ साली मुंबईत सुरू केला होता.

छळ करणारा त्याच आस्थापनेत काम करत असेल तर विंडसरचीच परिस्थिती उभी राहते. दोघांच्या पाळ्या आणि विभाग वेगळे करावे लागतात, आणि हलवायचे ते त्याला. व्यवहारात बहुधा तिलाच हलवले जाते, कारण ती ऐकून घेते.

उशिरा येणे, चुका होणे, वारंवार गैरहजर राहणे यांबद्दल मेमो देऊन शेवटी काढून टाकणे हा आस्थापनेला सोपा मार्ग वाटतो. नवऱ्याला जे हवे होते ते मालकाने करून दिले, एवढाच त्याचा अर्थ होतो. गैरहजेरीचे एक कारण तर न्यायालयच असते. प्रत्येक तारखेला एक रजा जाते, आणि वर्षाच्या किरकोळ रजा काही महिन्यांतच संपतात. यासाठी वेगळी रजा असावी हा विचार काही देशांनी कायद्यात आणला आहे. फिलिपाइन्सने २००४ साली हिंसापीडित स्त्रियांना दहा दिवसांची पगारी रजा दिली. न्यूझीलंडमध्ये १ एप्रिल २०१९ पासून दहा दिवस आणि त्यासोबत कामाच्या वेळा तात्पुरत्या बदलून मागण्याचा हक्क आहे. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २०२३ पासून तेवढीच रजा मिळते. तिथे अर्धवेळ आणि रोजंदारीवरच्या कामगारांनाही ती पूर्ण मिळते. शिवाय ही रजा पगारपत्रकावर त्या नावाने दाखवायला मनाई आहे, कारण ते पत्रक घरी कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. भारतात अशी वैधानिक रजा नाही. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपल्या धोरणात ती ठेवली आहे, पण तिचा लाभ मोजक्या पगारदारांपुरता राहतो.

फाटक नसलेली कामे

महाराष्ट्रातील कष्टकरी बायकांपैकी मोठा वर्ग अशा ठिकाणी काम करतो, जिथे रखवालदार, मनुष्यबळ खाते किंवा हजेरीपट यांतले काहीच नसते. घरकामगार बाई दिवसात चार-पाच घरी जाते. दारू पिऊन नवरा सोसायटीत आला आणि आरडाओरडा झाला की मालकीण ‘आम्हाला ही कटकट नको’ म्हणून दुसऱ्या दिवसापासून काम बंद करते. तिच्या बाबतीतही संरक्षण आदेश तितकाच लागू होतो. नोकरीचे ठिकाण कारखानाच असावे असे कायदा म्हणत नाही. फरक एवढाच की अर्जात प्रत्येक घराचा किंवा सोसायटीचा पत्ता घालावा लागतो, आणि आदेशाची प्रत सोसायटीच्या चौकीवर पोहोचवावी लागते. एका घराने तेवढे केले तरी त्या इमारतीतली तिची सगळी कामे टिकतात. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. त्यांचे कामाचे क्षेत्र म्हणजे त्यांचेच गाव, आणि नवऱ्याला गावात फिरण्यापासून रोखणे कोणत्याही आदेशाला जड जाते. तिथे घरभेटींना सोबत देणे, भेटींच्या वेळा बदलणे आणि आरोग्य केंद्रातल्या वरिष्ठांनी पोलीस पाटलाला विश्वासात घेणे एवढेच हाती राहते.

घरून काम करण्याची पद्धत २०२० नंतर रूढ झाली आणि त्यातून या विषयाला एक नवे वळण मिळाले. छळाची कुणकुण लागलेला व्यवस्थापक चांगल्या हेतूने ‘काही दिवस घरूनच काम करा’ असे सुचवतो. वेगळ्या राहणाऱ्या आणि वाटेत गाठली जाणाऱ्या बाईला ते सोयीचे असू शकते. जी अजून त्याच घरात राहते, तिच्यासाठी मात्र दिवसातले सुरक्षित आठ तास त्यामुळे नाहीसे होतात, आणि एकटीने कोणाशी तरी फोनवर बोलण्याची जागाही जाते. अशा कर्मचारी स्त्रीला रोज कार्यालयात बसण्याची जागा द्यावी लागते, बाकीचा विभाग घरून काम करत असला तरीही.